ल मॉर्न ब्राबाँ : मॉरिशसमधील एका दिवसाच्या चढाईचे सविस्तर नियोजन

मॉरिशस बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात शिरलेल्या एका लहानशा द्वीपकल्पावर, ल मॉर्न ब्राबाँ हा बेसॉल्टचा प्रचंड डोंगर उभा आहे. त्याची उंची ५५६ मीटर आहे. कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि अनेक पर्यटक त्याच समजुतीने चपला घालून, हातात अर्धा लिटर पाणी घेऊन पायथ्याच्या प्रवेश-फाटकापाशी येतात. ही समजूत नियोजनाच्या आरंभीच सोडून द्यावी. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मुळातच समुद्रसपाटीपासून बरेच उंचावर आहे. ल मॉर्नची चढण मात्र जवळजवळ समुद्रसपाटीवरून सुरू होते. तिचा उत्तरार्ध हातापायांनी चढायच्या कातळाचा आहे आणि त्या भागात सावली जवळपास नाही. चढाई अवघड म्हणता येणार नाही, पण ती बेफिकिरी खपवून घेत नाही. या डोंगराचे नियोजन उंचीवरून न करता घड्याळावरून करावे, म्हणजे परत फिरण्याची वेळ आधी ठरवून तिच्यापासून उलट दिशेने सगळा दिवस मांडावा, असे माझे मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच धोरणाने दिल्या आहेत.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना येथील दगड ओळखीचा वाटेल आणि त्याला कारणही आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूतून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येण्याच्या जागेतून, बाहेर पडलेल्या लाव्हाने दख्खनचे पठार घडले, तोच तप्तबिंदू पुढे भूपट्ट सरकत गेल्यावर मालदीवच्या रांगेतून मॉरिशसपर्यंत येऊन पोहोचला आणि आज तो शेजारच्या रेयुनियन बेटाखाली आहे. त्यामुळे कोरडा असताना बुटाला घट्ट धरणारा आणि ओला झाला की साबणासारखा निसटणारा हा कातळ कसा वागतो, हे मराठी भटक्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. समुद्रावरून येणारा वारा आणि उष्ण कटिबंधातील ऊन यांचा अंदाज मात्र नव्याने घ्यावा लागतो.

महिना आणि वार

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने तेथील हिवाळा मे ते ऑक्टोबर असा असतो. या काळात हवा कोरडी व सुखद असते आणि आग्नेयेकडून व्यापारी वारे सातत्याने वाहतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण, दमट आणि पावसाचा काळ असून त्यातही जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे मुख्य महिने आहेत. बेटाचा पश्चिम किनारा मधल्या पठाराच्या पर्जन्यछायेत येतो, त्यामुळे पठारावरच्या क्यूरपीप शहरात पाऊस पडत असताना ल मॉर्नला ऊन असणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून हवामानाचा अंदाज राजधानीचा किंवा पठारावरचा न पाहता नैर्ऋत्य किनाऱ्याचा पाहावा. निवड करायची झाल्यास मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम होत. जुलै व ऑगस्टमध्ये थंडावा सुखकारक असतो, परंतु वारा जोरदार असतो आणि वरच्या उघड्या धारेवर त्याचा धक्का जाणवतो.

चक्रीवादळाचे इशारे मॉरिशसची हवामान सेवा पहिल्या ते चौथ्या वर्गापर्यंत चढत्या क्रमाने देते. यांपैकी कोणताही इशारा लागू असेल तर डोंगराचा विचार पूर्णपणे सोडावा, आणि वादळ ओसरल्यावरही पडलेली झाडे व सैल झालेले दगड यांमुळे वाट लगेच सुरक्षित होते असे समजू नये.

वार निवडताना रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या टाळाव्यात. कातळावरच्या अरुंद जागी एका वेळी एकच माणूस चढू किंवा उतरू शकतो, त्यामुळे गर्दीच्या दिवशी तासभर केवळ थांबण्यात जातो. गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी आहे, हे आपल्या लोकांना आवडेल. परंतु त्याच कारणाने विसर्जनाच्या दिवशी पश्चिम किनाऱ्यावरचे रस्ते भरलेले असतात. महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस बेटाच्या सर्व भागांतून यात्रेकरू पायी गंगा तलावाकडे जातात आणि दक्षिणेकडील वाहतूक मंदावते.

सहलीत हा डोंगर कोणत्या दिवशी ठेवावा, हेही महत्त्वाचे आहे. बेट लहान आहे, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाडीने दोन तासांच्या आसपास जाता येते, म्हणून लोक चढाई शेवटच्या दिवसावर ढकलतात. तसे करू नये. दुसरा किंवा तिसरा दिवस ठरवावा आणि त्यानंतर किमान एक दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे रात्री पाऊस झाल्यास चढाई पुढे ढकलता येते आणि विमान चुकेल या भीतीने ओल्या कातळावर जाण्याचा मोह होत नाही. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तासांत पोहोचता येते आणि मॉरिशसचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असते. याचा एक फायदा असा की पहिले एकदोन दिवस पहाटे आपोआप जाग येते.

घड्याळ उलटे मांडणे

फाटकापासून, नेहमीची वाट जेथे संपते त्या वरच्या क्रुसापर्यंत जाऊन परत येण्याचे अंतर सुमारे सात किलोमीटर आहे. चांगल्या चालीच्या माणसाला तीन तास, सर्वसाधारण गटाला चार तास आणि थांबत, फोटो काढत जाणाऱ्यांना त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : कातळाचा टप्पा उतरायला चढण्याइतकाच, पुष्कळदा अधिक, वेळ लागतो. खालची वाट भराभर उतरता येते, वरची नाही.

जुलै महिन्याचे उदाहरण घेऊ. सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो आणि सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास. सकाळी सातला चालायला सुरुवात केल्यास आठपर्यंत पहिल्या दर्शनस्थळी पोहोचता येते. तेथे पंधरा मिनिटे थांबून निघाल्यास सव्वानऊच्या आसपास क्रूस येतो. अर्धा तास वर थांबून पावणेदहाला उतरायला लागावे, म्हणजे अकराच्या आत कातळ संपतो आणि ऊन कडक होण्याच्या वेळी आपण झाडीत असतो. या हिशेबात परत फिरण्याची वेळ दहा ही धरावी. दहा वाजता गट जेथे असेल तेथून, मग क्रूस समोर दिसत असला तरीही, मागे वळावे. ही वेळ आदल्या रात्री सर्वांच्या समक्ष ठरवून घ्यावी, कारण कड्यावर उभे राहून केलेली चर्चा नेहमी ‘अजून दहाच मिनिटे’ या वाक्यावर संपते.

डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाचलाच उगवतो आणि दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. त्या महिन्यांत फाटक उघडताच निघावे आणि वरील सर्व वेळा शक्य तितक्या अलीकडे आणाव्यात. फाटकावरील प्रवेशाची चालू वेळ आदल्या दिवशी निवासस्थानी किंवा वाटाड्याकडे विचारून घ्यावी. दुपारनंतर वर सोडत नाहीत. काही वाटाडे अंधारात चढून सूर्योदय दाखवतात. ज्यांनी हा कातळ आधी दिवसाउजेडी पाहिलेला नाही, त्यांनी पहिल्याच खेपेला तसे करावे असे मला वाटत नाही.

पायथ्यापर्यंतचा प्रवास

निवास कोठे आहे यावर सकाळ अवलंबून असते. पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक आँ फ्लाक किंवा तामारँ येथून पायथा पाऊण तासाच्या आत गाठता येतो. राजधानी पोर्ट लुईहून तासाहून थोडे अधिक लागते, तर उत्तरेच्या ग्राँ बे येथून निघणाऱ्यांनी राजधानीजवळची वाहनांची गर्दी धरून दोन तास हाताशी ठेवावेत. उत्तरेत राहणाऱ्यांनी आदली एक रात्र पश्चिम किनाऱ्यावर काढावी, हा सर्वांत सोपा उपाय आहे.

वाहतूक आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे भाड्याची मोटार चालवणे जड जात नाही. मोटार उभी करण्याची जागा मर्यादित आहे आणि आत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत. टॅक्सी ठरवताना परतीचे भाडे व परतीची वेळ दोन्ही निघतानाच पक्के करावे. बसने येता येते, परंतु किनाऱ्यावरच्या या मार्गावर फेऱ्या विरळ आहेत आणि थांब्यापासून फाटकापर्यंतची पायपीट वेगळी. बसवर विसंबणाऱ्याचा सकाळचा सर्वांत मोलाचा तास रस्त्यावरच जातो. द्वीपकल्पाच्या आसपासची बरीच जमीन खासगी मालकीची आहे, म्हणून नकाशात जवळची दिसणारी एखादी पायवाट धरून मधूनच वर घुसू नये. एकेकाळी हा संपूर्ण चढच खासगी जमिनीतून जात असल्याने सर्वांना खुला नव्हता, हे ध्यानात घेतले की फाटकावरची शिस्त जाचक वाटत नाही. फाटकावर नोंदवहीत नाव व वेळ लिहावी. उतरल्यावर नोंद पूर्ण करणेही तितकेच आवश्यक आहे.

बरोबर कोण आणि वाटाड्या हवा की नको

चार ते सहा जणांचा गट सोयीचा पडतो. गटात उंचीची भीती वाटणारे, गुडघेदुखी असणारे किंवा लहान मुले असतील तर त्यांच्यासाठी पहिले दर्शनस्थळ हेच त्या दिवसाचे शिखर ठरवावे, आणि त्यांच्याबरोबर खाली उतरणारा एक अनुभवी माणूस आधीच नेमून ठेवावा. कातळाच्या तोंडाशी कोणालाही एकटे बसवून ‘आम्ही येतोच’ म्हणून जाऊ नये.

खालच्या टप्प्यासाठी वाटाड्याची गरज नाही. वाट रुंद आणि स्पष्ट आहे. वरच्या टप्प्यासाठी, सह्याद्रीत कातळटप्पे चढण्याची सवय असणाऱ्यांना कोरड्या दिवशी वाट सापडते. अन्य सर्वांनी स्थानिक वाटाड्या घ्यावा. पाऊल कोठे ठेवायचे हे तो सांगतोच, पण त्याचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी होतो. एक म्हणजे सकाळच्या वाऱ्यावरून व ढगांवरून वर जावे की नाही याचा निर्णय तो आपल्यापेक्षा चांगला घेतो. आणि दुसरी म्हणजे या डोंगराचा इतिहास त्याच्या तोंडून ऐकण्याजोगा असतो. बेटावर कोकणातून गेलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज मराठी भाषक म्हणून ओळखले जातात आणि काही शाळांतून मराठी शिकवलीही जाते, तथापि व्यवहाराची भाषा क्रिओल आहे. फ्रेंच आणि इंग्रजीही बहुतेकांना समजतात.

पाठपिशवीत काय असावे

पाणी हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा विषय आहे. वाटेवर पिण्याच्या पाण्याची सोय नाही. हिवाळ्यात माणशी दोन लिटर आणि उन्हाळ्यात तीन लिटर पाणी प्रत्येकाने आपल्याच पाठीवर न्यावे, म्हणजे गट विभागला तरी कोणी तहानलेला राहत नाही. एका बाटलीत मीठ, साखर व लिंबू घालावे. बूट तळाला खोल खाचा असलेले आणि आधी वापरून मुरलेले असावेत. टोपी वाऱ्याने उडणार नाही अशी, बांधता येणारी घ्यावी. कातळ खरखरीत असल्याने बोटे उघडी असणारे पातळ हातमोजे उपयोगी पडतात. दोन्ही हात मोकळे राहणे अनिवार्य आहे, म्हणून हातात धरायची पिशवी, गळ्यात झुलणारा कॅमेरा आणि काठी या वस्तू कातळाच्या खालीच आवरून पाठीवर घ्याव्यात.

याशिवाय पातळ वारारोधक, प्रथमोपचाराचे किरकोळ साहित्य, डास व कीटकांसाठीचे मलम, पूर्ण भारलेला फोन आणि त्यात आधीच उतरवून घेतलेला नकाशा इतके पुरे. खाण्यासाठी भारतातून फळे नेऊ नयेत. बेटावर वनस्पतिजन्य वस्तू आणण्यावर कडक निर्बंध आहेत. त्याची गरजही नाही, कारण रस्त्याकडेला मिळणारी धोल पुरी, म्हणजे वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, डोंगरावर न्यायला अत्यंत सोयीची आहे. ती आदल्या संध्याकाळी बांधून घ्यावी, मात्र आत पातळ रस्सा न घालता. भोजपुरी भागातून आलेल्या मजुरांनी रुजवलेला हा पदार्थ आपल्या पुरणपोळीचा तिखटमिठाचा भाऊ शोभावा.

प्रत्यक्ष वाट

पहिला टप्पा झाडीतून जाणाऱ्या रुंद कच्च्या रस्त्याचा आहे. चढ सौम्य आहे आणि याच कारणाने येथे लोक वेगाने चालून दमतात. पहिली वीस मिनिटे मुद्दाम सावकाश, बोलत बोलत चालता येईल अशा गतीने जावे. झाडीतून मध्येच डोंगराचा उभा कडा डोक्यावर दिसतो आणि हा रस्ता वर कसा जाणार असा प्रश्न पडतो. पुढे चढ वाढतो, वाट अरुंद होते आणि पहिले मोकळे दर्शनस्थळ येते. खाली फिकट हिरव्या-निळ्या रंगाचे उथळ खाजण, त्यापुढे प्रवाळभिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ आणि तिच्यापलीकडे एकदम गडद झालेला समुद्र, असा देखावा येथूनच पुरेसा दिसतो. छायाचित्रांतून प्रसिद्ध झालेला ‘पाण्याखालचा धबधबा’ हा वाळूच्या प्रवाहांमुळे होणारा दृष्टिभ्रम असून तो आकाशातूनच नीट दिसतो. त्यासाठी डोंगर चढणाऱ्याची निराशा होते.

पुढे आपल्या जबाबदारीवर जाण्याची सूचना देणारा फलक लागतो आणि तेथे थांबून प्रत्येकाने स्वतःची तपासणी करावी. रात्री पाऊस पडला आहे का? कातळ हाताला दमट लागतो का? वाऱ्याने उभे राहताना तोल जातो का? गटातील कोणाचे पाणी अर्ध्याहून अधिक संपले आहे का? यांपैकी एकाचे उत्तर होकारार्थी आले तरी येथूनच परत फिरावे. दव पडलेल्या सकाळी अर्धा तास थांबून कातळ वाळण्याची वाट पाहणे शक्य असते, पण तो अर्धा तास परतीच्या ठरलेल्या वेळेतून वजा होतो.

दुसरा टप्पा हा खरा डोंगर आहे. आधी मुळांच्या व दगडांच्या नैसर्गिक पायऱ्या, मग थोडा घसारा आणि त्यानंतर उभे कातळटप्पे येतात. काही ठिकाणी दोर बांधलेले आहेत. दोर तोल सावरण्यासाठी आहे, अंगाचा संपूर्ण भार टाकण्यासाठी नाही. हातात घेण्यापूर्वी तो ओढून पाहावा आणि एका दोरावर एका वेळी एकच माणूस असावा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन आधार पक्के झाल्याशिवाय चौथा हलवू नये. वर जाणाऱ्याच्या थेट खाली उभे राहू नये, कारण सुटा दगड हमखास त्याच रेषेत येतो. दगड निसटला तर जोरात ओरडून खालच्यांना सावध करावे. वरून उतरणारे लोक दिसल्यास रुंद जागी थांबून त्यांना आधी येऊ द्यावे.

नेहमीची वाट क्रुसापाशी संपते. ही जागा डोंगराच्या सर्वोच्च बिंदूच्या काहीशी खाली आहे. तेथून पुढच्या धारेवर जाण्याचा प्रयत्न करू नये. ५५६ मीटरचा आकडा पुरा करण्याच्या हट्टापायी कड्याच्या काठावर जाण्यात शहाणपण नाही. वर गेल्यावर आधी बसावे, पाणी प्यावे, खावे, आणि मगच छायाचित्रे काढावीत. काठापासून दोन पावले आत राहण्याचा नियम गटातील सर्वांना लागू करावा, कारण वाऱ्याचा झोत सूचना देऊन येत नाही.

उतरताना उभ्या टप्प्यांवर तोंड कातळाकडे करून, म्हणजे शिडी उतरतो तसे, उतरावे. बसून घसरत येण्याची सवय येथे वाईट, कारण त्यात पायाची जागा दिसत नाही आणि बूड टेकल्यावर वेग आवरत नाही. गटातील सर्वांत अनुभवी माणसाने आधी उतरून खालून इतरांना पायाच्या जागा सांगाव्यात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या अनुभवी माणसाने शेवटी राहावे.

या डोंगराचा आदर

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या गुहांत व माथ्यावर लपून वस्ती करून राहत. आफ्रिका, मादागास्कर, आणि काही प्रमाणात भारत व आग्नेय आशिया येथून आणलेली ही माणसे होती. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. मौखिक परंपरा अशी सांगते की मुक्तीची बातमी देण्यासाठी आलेले शिपाई आपल्याला पकडायलाच आले, असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ मध्ये युनेस्कोने ल मॉर्नच्या सांस्कृतिक भूप्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती या स्मृतीमुळे. तेव्हा माथ्यावर कर्णकर्कश गाणी लावणे, दगडांवर नावे कोरणे किंवा क्रुसावर चढून फोटो काढणे हे येथे शोभत नाही. गडांवर नावे कोरणाऱ्यांचा आपल्याला जो संताप येतो, तोच येथील लोकांना येतो.

वनस्पतींबाबतही जपावे. मॉरिशसचे राष्ट्रीय फूल, बूक्ल दोरेय नावाचे लाल घंटेसारखे फूल, नैसर्गिक अवस्थेत केवळ याच डोंगरावर आढळते. त्याचा मकरंदही रंगीत असतो, जे वनस्पतिसृष्टीत दुर्मीळ आहे. फुलोरा हिवाळ्याच्या महिन्यांत येतो. दिसल्यास दुरून पाहावे. आधार म्हणून कोणतेही झुडूप धरू नये.

अडचण आल्यास, आणि बेत फसल्यास

निघण्यापूर्वी मार्ग, गटाची संख्या आणि परतीची अपेक्षित वेळ निवासस्थानी लेखी सांगून ठेवावी. पोलिसांसाठी ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी ११४ आणि अग्निशमनासाठी ११५ हे क्रमांक फोनमध्ये साठवावेत. घोटा मुरगळला असता कातळावरून जखमीला स्वतः उचलून आणण्याचा प्रयत्न न करता त्याला सावलीत व सपाटीवर बसवून मदत मागवावी. मनुष्याला धोकादायक असे विषारी साप बेटावर नाहीत, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट. गांधीलमाश्या मात्र आहेत, तेव्हा फांद्यांत हात घालण्यापूर्वी पाहावे.

ल मॉर्नचा बेत वाऱ्यामुळे फसल्यास मोका रांगेतील ल पूस हा ८१२ मीटरचा डोंगर पर्याय म्हणून ठेवावा. १८३६ मध्ये बीगल जहाज बेटावर थांबले असता चार्ल्स डार्विन हा डोंगर चढला होता. सेंट पिएरच्या बाजूने जाणारी त्याची वाट उसाच्या शेतांतून सुरू होते आणि शेवटचा अंगठ्यासारखा सुळका वगळता सोपी आहे. बेटावरील सर्वांत उंच, ८२८ मीटरचा ब्लॅक रिव्हर शिखराचा डोंगर राष्ट्रीय उद्यानात आहे. तेथे पाऊस व चिखल अधिक असल्याने ल मॉर्न ओला असेल त्या दिवशी तिकडे जाण्यात अर्थ नाही.

ल मॉर्नहून उतरल्यावर अंगात बळ असेल तर पायथ्याशी किनाऱ्यालगत असलेले गुलामांच्या मार्गाचे स्मारक पाहावे. गटातील जे वर आले नाहीत त्यांनाही सकाळी तेथे वेळ घालवता येतो. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय उद्यानात जायचे असेल, तर त्याच संध्याकाळी बुटांच्या तळाच्या खाचांतील माती व बिया ब्रशने काढून बूट धुवावेत. चिनी पेरूसारख्या बाहेरून आलेल्या झाडांनी या बेटावरील मूळ जंगलाची मोठी हानी केली आहे, आणि अशा बिया एका डोंगरावरून दुसऱ्यावर चालणाऱ्यांच्या पायांनीही जातात.